वरातीपुढचे मास्तर

दिवाळी सरते, तुळशीचे लग्न लागते आणि मग आमच्या विश्रामबागेत माणसांच्या लग्नांना सुरुवात होते. या दिवसांत संध्याकाळी सांगली-मिरज रस्त्याच्या कडेला उभे राहावे. एका वरातीला वाट करून देतो न देतो तोच दुसरी येऊन ठेपते. पुढे लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि हातात पितळी वाद्ये. मागे नाचणारी पोरे. त्यांच्यामागे घोड्यावर घामेजलेला नवरदेव. तुम्ही आम्ही सारे नवरदेवाकडे पाहतो. चाळीस वर्षे मीही तसेच पाहत आलो. पण गेल्या जून महिन्यापासून माझी नजर पुढच्या लाल कोटावरच अडकून राहते. त्याला एक लहानसे कारण घडले. ते आधी सांगतो.

शाळा नुकतीच उघडली होती. आठवीच्या वर्गात मी मुलांची माहिती भरून घेत होतो. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात एका मुलाने ‘मजुरी’ असे लिहिले. त्याच्या वडिलांना मी ओळखत होतो. आदल्याच महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका लग्नात ट्रंपेट वाजवीत ते सर्वांच्या पुढे चालले होते. मी मुलाला जवळ बोलावून हळूच म्हटले, "अरे, तुझे वडील बँडमास्तर ना? मग मजुरी का लिहिलीस?"

मुलाने मान खाली घातली. म्हणाला, "सर, वर्गात सांगू नका."

मी रकाना तसाच राहू दिला. पण ते चार शब्द मनातून जाईनात. ज्याच्या बापावाचून गावातले लग्न लग्न वाटत नाही, त्या पोराला बापाचा धंदा लपवावासा वाटतो! किल्ले, लढाया, तह आम्ही मुलांना सनावळीसकट शिकवतो. या मुलाच्या बापाच्या हातातले वाद्य कोठून आले, कोणी आणले, कोणी टिकवले, हे मात्र आम्हा मास्तरांनाच ठाऊक नसते. म्हणून मी वाचू लागलो, चार जाणत्यांना विचारू लागलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन वाचायला हरकत नाही. विषय वाजतगाजत येणाराच आहे.

*

बँड येण्यापूर्वी आपला मुलूख मुका होता असे मुळीच नाही. गडावर नगारखाना होता, देवळात चौघडा होता. लढाईला निघताना शिंग आणि तुतारी, लग्नाला सनई, गोंधळाला संबळ आणि जत्रेला, कुस्तीच्या फडाला हलगी. हलगी ही मोठी मानी बाई आहे. विस्तवावर शेकून कातडे ताणल्याशिवाय ती बोलत नाही. पण एकदा बोलू लागली की फडातल्या पैलवानाच्या आधी बघणाऱ्याचे दंड फुरफुरू लागतात.

ही वाद्ये वाजवणारे हात मात्र ठरलेले होते. सनई घडशांची किंवा गुरवांची, संबळ गोंधळ्याचा, हलगी बहुतेक गावांत मातंगांची. मोबदला पैशात नव्हता, बलुत्यात होता. सुगीला खळ्यावर जायचे आणि कुणबी देईल ते धान्य पदरात घ्यायचे. या व्यवस्थेत एक प्रकारची शाश्वती होती, हे खरे. पण एक गोष्ट नव्हती. वाजवणाऱ्याला ‘आज येत नाही’ असे म्हणण्याची सोय नव्हती. वाजवणे हा त्याचा हक्क होता आणि तेच त्याचे बंधनही होते. लग्न पाटलाचे असो की कुलकर्ण्याचे, तो हजर असायचाच, आणि मांडवाच्या बाहेरच असायचा. पुढे जे काही सांगायचे आहे, ते हा मांडव लक्षात ठेवल्याशिवाय नीट कळणार नाही.

आता थोडे दूर जाऊ. बँड म्हटला की आपल्याला तो साहेबाचा वाटतो. पण त्यातला मोठा ढोल आणि झांजा मूळच्या साहेबाच्या नव्हेत. तुर्की सुलतानाच्या जानिसारी फौजेपुढे नगारे, झांजा आणि सनईच्या जातीची वाद्ये वाजवणारे ताफे चालत. त्यांना ‘मेहतर’ म्हणत. (आपल्याकडे या शब्दाचा अर्थ कोठल्या कोठे गेला, हा आणखी एक निराळा निबंध होईल.) या ताफ्यांचा गडगडाट युरोपच्या फौजांनी लढाईत ऐकला, आणि अठराव्या शतकात तिकडच्या राजांनी तो मोठ्या हौसेने आपल्या पलटणींत आणला. मोठा ढोल आणि झांज अशा रीतीने पूर्वेकडून पश्चिमेला गेली. पुढे खुद्द तुर्की सुलतानाने १८२६ साली जानिसारी फौज मोडली आणि १८२८ साली नव्या बँडसाठी इटलीहून जुझेप्पे दोनिझेत्ती हा संगीतकार बोलावून घेतला. ज्याने दिले त्यानेच बदललेले परत घेतले. माहेरचे दागिने सासरी मोडून नव्या घडणीचे करावेत, आणि ते पाहून माहेरच्यांनी तसेच करून घ्यावेत, तसा हा प्रकार झाला.

तेव्हा आपल्या वरातीतला ढोल पाहुणा असेलच, तर तो आपल्याच अंगाने आलेला, एक लांबचा वळसा घेऊन परतलेला पाहुणा आहे.

*

हिंदुस्थानात या बँडला ज्या देशी राजांनी आरंभीच्या काळात दरबारात मान दिला, त्यांच्यात एक मराठा राजा होता, ही गोष्ट आपल्याला अभिमान वाटावा अशी आहे. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले १७९८ पासून १८३२ पर्यंत गादीवर होते. श्वार्त्स या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ते वाढले. ग्रंथ, वैद्यक, चित्रे, भाषा, कशाचेही त्यांना वावडे नव्हते. त्यांच्या दरबारात कर्नाटकी गायनाबरोबर पाश्चात्य वाद्यांचा बँडही होता, आणि पाश्चात्य स्वरलिपीतले त्या वेळचे कागद तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. त्याच दप्तरखान्यात मोडी लिपीतली मराठी कागदपत्रेही आहेत. मोडी आणि बँडची स्वरलिपी एका छपराखाली नांदताहेत!

त्याच काळात, त्याच मुलखात मुत्तुस्वामी दीक्षितार हे थोर रचनाकार होऊन गेले. कंपनी सरकारच्या गोऱ्या पलटणींचे बँड त्यांच्या कानांवर पडले. एखाद्याने कान झाकून घेतले असते. दीक्षितारांनी त्या चाली उचलल्या आणि त्यांवर संस्कृतात देवादिकांची स्तोत्रे रचली. अशा सुमारे चाळीस रचना ‘नोट्टुस्वर’ या नावाने दक्षिणेत लहान मुलांना अजून शिकवतात. त्यांत इंग्रजांच्या राजगीताचीही चाल आहे. राजाच्या जागी देव आला आहे इतकेच. त्यांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी तर युरोपियन व्हायोलिन आत्मसात केले, आणि आज त्या वाद्यावाचून दक्षिणेतली मैफल सजत नाही.

मोठे लोक परक्याचे वाद्य हाती घेतात तेव्हा त्याला आपण ‘समन्वय’ म्हणतो. हेच जेव्हा आमच्या मिरजेच्या किंवा तासगावच्या गरीब वाजंत्र्याने केले, तेव्हा मात्र आपण त्याला ‘बँडवाला’ म्हणालो.

तंजावरनंतर एकेका संस्थानात बँड उभे राहिले. कंपनीच्या छावण्यांतून पलटणी असत, पलटणीला बँड असे, आणि त्यात देशी माणसेही वाजवायला शिकत. संस्थानिकांना तोफांच्या सलामीइतकाच बँड हा प्रतिष्ठेचा विषय वाटे. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी गवई-वादकांचा सारा कारभार ‘कलावंत कारखाना’ या खात्याखाली आणला होता. तेथे १८८६ साली मौलाबक्षांच्या देखरेखीखाली संगीतशाळा निघाली आणि संस्थानच्या बँडनेही नाव कमावले. मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी अनाथ मुले गोळा करून बँड उभा केला, ही गोष्ट तर प्रसिद्धच आहे. स्वतः खाँसाहेब तरुणपणी कलकत्त्याला लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरापाशी व्हायोलिन शिकले होते. म्हणजे रविशंकरांच्या गुरूचा एक गुरू बँडमास्तर होता! हे वाक्य मी आमच्या वर्गाच्या फळ्यावर लिहिणार आहे.

या सर्वांच्या जोडीला एक यांत्रिक सुधारणा घडली, तिच्यावाचून आपली वरात अशक्यच होती. आपली तुतारी किंवा पलटणीतला बिगुल घ्या. कितीही दमाचा माणूस असला तरी त्यातून ठराविक उड्यांचेच सूर निघतात. मधले सूर सापडत नाहीत. इशारत देता येते, गाणे वाजवता येत नाही. १८१८ साली बर्लिनमध्ये श्टोल्ट्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी पितळी नळीला दट्टे बसवण्याचे पेटंट घेतले. दट्टा दाबला की हवेला लांबचा रस्ता मिळतो आणि सूर उतरतो. तीन दट्ट्यांच्या उलटसुलट जोड्यांनी बाराही स्वर हाती येतात. कोणता दट्टा सूर किती उतरवतो, ते शेवटी सांगेन, कारण त्यात माझी फजिती झालेली आहे. पुढे १८४० नंतरच्या दशकात बेल्जमच्या आडोल्फ साक्सने लहानापासून मोठ्यापर्यंत वाद्यांची एक पितळी बिरादरीच तयार केली. रणातली तुतारी अशा रीतीने गाऊ लागली.

*

आता आमच्या भागाकडे येतो. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी ही सारी पटवर्धनांची संस्थाने. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, आमचा भाग काही वर्षे ‘दक्षिण सातारा’ म्हणवला आणि १९६० साली सांगली जिल्हा झाला. साऱ्या देशभर संस्थाने गेली तसे दरबारचे पोशिंदे गेले. पण पितळी वाद्यांनी त्याआधीच राजवाड्याचा उंबरठा ओलांडला होता. पलटणीतून निवृत्त झालेले, संस्थानी नोकरीतून सुटलेले वादक गावोगाव खासगी बँड काढू लागले होते. मेरठला नादिर अली यांची पेढी १८८५ पासून या धंद्यात आहे. ते स्वतः इंग्रजी फौजेतले बँडवाले होते. मेरठची जली कोठी ही गल्ली आजही देशभरच्या बँडांना पितळी वाद्ये पुरवते. पुण्याचा प्रभात बँड १९३८ चा. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत त्याची वाट पाहत पुणेकर रस्त्याच्या कडेला उभे राहतात.

या खासगी बँडांत कोण आले? ज्यांच्या घरात आधीच सूर आणि ठेका होता तेच आले. हलगीवाल्याचा मुलगा साइड ड्रमवर बसला, सनईवाल्याचा मुलगा क्लॅरिनेटकडे वळला. मुसलमान घरांतले वादक आले. माझ्या मते आपल्या समाजाच्या इतिहासातली ही एक मोठी घटना आहे, आणि ती लाल कोटाच्या चकाकीत झाकून गेली आहे. कारण बँडबरोबर ‘सुपारी’ आली. सुपारी म्हणजे ठराव: अमुक तारीख, अमुक तास, अमुक रक्कम, विसार आधी. बलुत्यात ‘नाही’ म्हणता येत नव्हते, सुपारीत येते. पूर्वी अंगावर जातीने दिलेले कपडे असत. आता अंगावर गणवेश आला, आणि गणवेशाला जात नसते. खळ्यावर पसरलेला पदर गेला आणि ठरलेला दाम आला. साहेबाने आपल्या दिमाखासाठी आणलेला कोट आमच्या वाजंत्र्याने स्वतःच्या मानासाठी घातला. त्या कोटाला हसण्यापूर्वी आपण एवढे तरी आठवावे.

आणि त्यांनी वाजवले काय? हा आमचा भाग गाण्याचाच आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले. हरिपूरचे देवल, सांगलीचे खाडिलकर, नागठाण्याचे बालगंधर्व. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य. मिरजेच्या सतारमेकरांचे तंबोरे तर जगभर गेले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. याचा आम्हाला योग्यच अभिमान आहे. पण विचार करा, ही नाट्यपदे थिएटरात किती जणांनी ऐकली असतील? तिकिटाला पैसे नसलेल्या, मैफलीत पाय ठेवायची प्राज्ञा नसलेल्या माणसाच्या कानावर ती कोणी घातली? रस्त्यावरून चाललेल्या बँडने. क्लॅरिनेटच्या भोकावरून बोट अलगद सरकवून मींड काढणारा तो माणूस ‘मानापमान’मधले पद वाजवी, आणि भाजीवाली पाटी खाली ठेवून ऐके. खाँसाहेब मैफलीत गायले, बँडमास्तर चौकात वाजवून गेले. दोघांची ऐपत निराळी, पण सूर पोहोचवण्याचे काम एकच.

पुढे सिनेमा आला. तेव्हा एक गमतीची साखळी तयार झाली. तिचे पहिले टोक गोव्यात आहे. पोर्तुगीज अमदानीत तेथे चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना सुरांचे वाचन आणि व्हायोलिन शिकवीत. गोव्याचा कार्निव्हल, तिथला शब्द ‘इंत्रूझ’, म्हणजे उपवासाचे चाळीस दिवस लागण्यापूर्वीचा धुडगूस. त्यात गावोगाव ‘खेळ’ होत. कॉर्नेट आणि ढोल घेऊन मंडळी एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर जात आणि गावच्या बड्या धेंडांची चार दिवस खुशाल टिंगल करीत. आजचा मोमो राजाचा पणजीतला चित्ररथांचा थाट १९६५ पासूनचा. पण खेळांची ही रीत त्याहून पुष्कळ जुनी. या तालमीत तयार झालेले गोमंतकीय वादक पोटासाठी मुंबईला आले आणि स्टुडिओत शिरले. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त जो ट्रंपेटचा ठसका आहे, त्यामागे चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोव्याचे अंतोनियो झेवियर वाझ आहेत. सेबास्तियन डिसोझांनी शंकर-जयकिशनची वाद्यरचना सांभाळली. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या नायकाला त्यांचे नाव मिळाले, ही शिष्याची गुरुदक्षिणा.

या वादकांनी कागदावर लिहून वाजवलेले गाणे तबकडीवर चढे, रेडिओवरून मिरजेला येई, आणि आमचा बँडमास्तर ते नुसते कानाने उचलून आपल्या पंधरा माणसांना ‘बसवून’ देई. कागद नाही, पेन्सिल नाही. आधी सरगम तोंडाने, मग वाद्यावर. गोव्याच्या इगर्जीतून निघालेला सूर कृष्णाकाठच्या वरातीत पोहोचला. मध्ये किती धर्म, किती भाषा ओलांडल्या ते मोजत बसायला कोणाला सवड होती! ऑकलंड विद्यापीठाच्या ग्रेगरी बूथ या प्राध्यापकाने हिंदुस्थानभर फिरून अशा बँडवाल्यांना बोलते केले आणि २००५ साली ‘ब्रास बाजा’ नावाचे जाडजूड पुस्तक लिहिले. न्यूझीलंडमध्ये शिकवणाऱ्या माणसाला जे ऐकावेसे वाटले, ते आपल्या दारात रोज वाजत होते.

*

कार्निव्हल गोव्यातच असतो असे कोणी समजू नये. आमच्याकडे त्याला कार्निव्हल म्हणत नाहीत, इतकेच. तासगावला गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी परशुरामभाऊ पटवर्धनांच्या वेळेपासून चालत आलेला रथ माणसे दोरांनी ओढतात. सांगलीच्या संस्थानी गणपतीची मिरवणूक पाचव्या दिवशी कृष्णेच्या सरकारी घाटावर जाते. मिरजेत अनंतचतुर्दशीला मोठमोठ्या स्वागतकमानी उभ्या राहतात, आणि तिथली विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसावर जाते. कडेगावला मोहरमात आभाळाला टेकतील असे ताबूत निघतात, आणि ते उचलायला हिंदूंचे खांदे लागतात. या सगळ्यांत वाजवणारे तेच ते लोक. गणपतीपुढे मुसलमान वादक आणि ताबुतापुढे हिंदू वादक, हे आमच्या जिल्ह्यात कोणाला नवल वाटत नाही. एरवी भांडायला आम्ही इतर गावांपेक्षा मागे आहोत असे नाही. पण ढोल ताबुताचा की गणपतीचा, हे ढोलाला कधी कळले नाही, आणि वाजवणाऱ्यानेही ते त्याला सांगितले नाही.

आता मघाचा मांडव आठवा.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात मी आठ-नऊ वर्षांचा होतो. वरात रात्रीची होती. डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बाया दोन्ही बाजूंनी चालत होत्या, आणि त्या उजेडात पितळी वाद्ये अशी झळाळत होती की नवरा-नवरीपेक्षा मला तीच पाहावीशी वाटत होती. दुसऱ्या दिवशी पंगती उठल्या. चार वाजून गेल्यावर मी मागच्या दाराने बाहेर आलो, तर खरकट्या पत्रावळींच्या ढिगापलीकडे, भिंतीच्या सावलीत, ती लाल कोटाची माणसे मातीतच जेवायला बसली होती. कोट घडी करून शेजारी ठेवले होते. वाढणाऱ्याने जिलबी वरून टाकली. ती एकाच्या पत्रावळीवर न पडता बाहेर पडली. त्याने ती उचलली, झटकली आणि खाल्ली. आमच्या घरातल्या कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. मलाही त्या दिवशी वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. ‘सर, वर्गात सांगू नका’ हे शब्द ऐकले तेव्हा मला पहिल्यांदा ती जिलबी आठवली.

म्हणजे बँडने दाम बदलला, कोट बदलला, वाद्य बदलले. पंगत बदलली नाही. सुपारीने माणसाला बलुत्यातून सोडवले. ताटावर आणून बसवायचे काम सुपारीचे नव्हते. ते आपले होते. ते आपण केले नाही.

*

मुलाच्या वडिलांना मी पुढे मुद्दाम भेटलो. खुर्चीवर बसायला ते संकोचले. मी आग्रह केला तेव्हा हसून म्हणाले, "सर, तुमी खडू धरता, आमी ट्रंपेट. दोघं बी मास्तरच की!" मग मोकळेपणी बोलले. वर्षातले लग्नसराईचे चार-पाच महिने आणि गणपतीचे दिवस, एवढाच हंगाम. पावसाळ्यात कोणी रंगकाम करतो, कोणी रिक्षा चालवतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्यांच्या घरात शिरले. "कातड्याचं सगळं गेलं, पितळेचं राहिलं," ते म्हणाले. पुढच्याच वर्षी, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. पन्नास माणसांच्या लग्नात पंधरा माणसांचा बँड कोण सांगणार? तेव्हा पितळेचेही काही गेले, सावकाराकडे.

आणि आता ‘डॉल्बी’ आहे. आमच्याकडे भिंतीएवढ्या कर्ण्यांच्या त्या गाडीला सरसकट हेच नाव आहे. मधल्या काळात बेंजो आला होता. ते मूळचे जपानचे वाद्य. १९१२ साली नागोयाच्या मोरितांनी काढलेले तायशोगोतो. पण बेंजोला निदान वाजवणारा माणूस लागे. डॉल्बीला बटण दाबणारा एक पुरे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद, हे नियम २००० सालापासून कागदावर आहेत. खिडक्यांची तावदाने ते वाचू शकत नाहीत म्हणून थरथरतात.

मी डॉल्बीवर संतापलो. मास्तर संतापले नाहीत. ते म्हणाले, "सर, आमचा आजा हलगी वाजवायचा. बापानं बँड धरला तवा आजा म्हनला, ह्यात काय जीव न्हाई. आता मी तेच म्हनतोय." थोडा वेळ थांबून ते पुढे म्हणाले, "पर एक हाय. डॉल्बीम्होरं नवरदेव नाचतो. बँडम्होरं नवरदेवाचा आजा बी नाचतो."

या वाक्यात मला साऱ्या इतिहासाचे सार दिसले. ही परंपरा टिकली ती शुद्ध राहिली म्हणून नव्हे. तुर्काचा ढोल, जर्मनाचा दट्टा, साहेबाचा कोट, गोवेकराची वाद्यरचना, बालगंधर्वांचे पद, जे चांगले दिसले ते घेत घेत ती इथवर आली. उद्या ती आणखी काही घेईल. तिच्या कलेची मला काळजी नाही. ती वाजवणाऱ्या माणसाच्या मुलाला बापाचे नाव घेताना मान खाली घालावी लागू नये, एवढीच काळजी आहे. आणि तिचा उपाय सरकारच्या हाती नसून आपल्या मांडवात आहे. येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी कार्य असेल त्यांनी बँडवाल्यांची पंगत वऱ्हाडाबरोबर बसवावी. ठरलेला दाम लोंबकळत न ठेवता वरात उतरताच द्यावा. आणि मास्तरांना एकदा नाव विचारावे.

राहिली माझी फजिती. दिवाळीच्या सुटीआधी, इतिहासाच्या तासाला, मी मुलांना ही सारी हकिकत सांगितली. कोणाचेही नाव न घेता. फळ्यावर ट्रंपेट काढला. तीन दट्टे काढले. ऐटीत सांगितले, "पहिला दट्टा दाबला की सूर अर्ध्याने उतरतो, मधला दाबला की एकाने."

मागच्या बाकावरून आवाज आला, "न्हाई सर. अर्धा मधला. पैला दाबला की एक उतरतो."

सारा वर्ग मागे वळला. मीही खडू घेऊन तसाच उभा. विचारले, "तुला रे काय माहीत?"

तो उभा होता. क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "माझे वडील बँडमास्तर आहेत."

मी फळा पुसला आणि दुरुस्ती केली. हजेरीपटातला तो रकाना अजून तसाच आहे. तो मी बदलणार नाही. ज्याने लिहिला त्यानेच बदलायचा. सुटी संपून शाळा उघडली की पट त्याच्या बाकावर नेऊन ठेवीन म्हणतो.